हौगांगमधला वाटा

सिंगापुरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. आम्ही साडेसहालाच भाचीच्या इमारतीतून खाली उतरलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे जळत होते आणि हवा आत्ताच न्हाणीघरातून बाहेर आल्यासारखी दमट होती. "मावशी, उशीर केला की आतडी संपतात," भाचीनं आदल्या रात्रीच बजावलं होतं. ती अकरा वर्षं हौगांगमध्ये राहते. मी आले होते पंधरा दिवसांसाठी, आणि पहिल्याच सकाळी मला क्वे चाप खायचं होतं.

आदल्या दिवशी लिटल इंडिया स्टेशनवरून गाडीत बसले होते. फेरर पार्क, बून केंग, पोटोंग पासिर असं करत सातव्या स्टेशनावर हौगांग येतं. फुलांचे गजरे आणि डोशाचे वास मागे पडतात आणि वर आल्यावर दिसतात नुसत्या उंच, नंबर घातलेल्या सरकारी इमारती. पण हे गाव जुनं आहे. तेओच्यू बोलीत त्याचं नाव औ-कांग, म्हणजे नदीच्या मागची बाजू. नदी सेरंगूनची. दक्षिण चीनमधून आलेल्या तेओच्यू लोकांनी इथे मासेमारी केली, मळे केले, डुकरं पाळली. त्यांच्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांचं १९०१ सालचं देऊळ, चर्च ऑफ द नेटिव्हिटी, आजही अप्पर सेरंगून रस्त्यावर उभं आहे. मळे गेले, मासळीबाजार हलला. राहिली ती खाण्याची रीत.

क्वे म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ, रुंद तुकडे, आपल्या पानगीइतके मऊ. चाप म्हणजे रस. वाडग्यात रसात बुडालेलं क्वे येतं, वर तळलेल्या लसणाचं तेल. खरं जेवण शेजारच्या ताटलीत असतं: डुकराचं मोठं आतडं, जठर, कातडी, पोटाकडचं चरबीचं मांस, सोबत उकडलेलं अंडं आणि टोफू, सगळं काळ्या सोया सॉसमध्ये तासन् तास शिजलेलं. मी रस तोंडात घेतला आणि थांबले. दालचिनी ओळखली, चक्रीफूल ओळखलं. तिसरी चव जिभेवर होती, पण नाव आठवेना. मग आठवलं. कोळिंजन! घसा बसला की आजी ज्याचा तुकडा तोंडात धरायला द्यायची, ते. आमच्याकडे ते औषधाच्या डब्यात राहिलं, या लोकांनी ते मांसाच्या भांड्यात घातलं, आणि चरबीचा जडपणा त्यानं असा काही कापला जातो की ताटली रिकामी होईपर्यंत कळत नाही.

आतड्याला वास नव्हता. ही सोपी गोष्ट नाही. गर्दी ओसरल्यावर मी स्टॉलवरच्या आंटींना विचारलं, कसं धुता? त्यांनी हातानंच दाखवलं. आतडं मोजा उलटा करावा तसं उलटं करायचं, मीठ आणि पीठ लावून चोळायचं, धुवायचं, पुन्हा चोळायचं. चरबी सगळी काढायची नाही, थोडी ठेवायची, नाहीतर रबर होतं. "किती वेळा?" त्यांनी खांदे उडवले. वास जाईपर्यंत.

आमच्या आजीचं उत्तर हेच होतं. राधानगरी तालुक्यातलं आमचं घर. बकऱ्याची वजडी आली की ती चुना आणि कढत पाणी घेऊन मागच्या पडवीत बसायची. टॉवेलासारखी ती वजडी खरवडून पांढरी होईपर्यंत कोणाला जवळ येऊ द्यायची नाही. मुंडी, पाय, काळीज, तिल्ली, रक्ती, प्रत्येकाचं शिजवणं वेगळं, वेळ वेगळी. काळीज जास्त शिजलं तर खडू होतं, पाय कमी शिजले तर दोरी.

पण आजीचं हे शिक्षण बकऱ्यावर झालं नव्हतं, ते पारधीवर झालं होतं. तिच्या लहानपणी गावाची पारध निघायची. हाकारे रान उठवायचे, आणि रानडुक्कर पडलं की ते गवताच्या जाळावर केस जाळून, कातडीसकट भाजून घ्यायचे. मग पळसाच्या पानांवर वाटे पडायचे. ज्यानं मारलं त्याला मुंडी, हाकाऱ्यांना एकेक वाटा, कुत्र्यांना त्यांचा, आणि पारधीला माणूस न गेलेल्या विधवेच्या घरीसुद्धा एक. "वाट्याला आतडं आलं म्हून कुणी नाक मुरडायचं न्हाई. वाटा म्हंजी वाटा," आजी सांगायची. वाट्याला आलेलं वाया घालवणं हा त्या गावात अपमान होता, जनावराचा आणि वाटा देणाऱ्याचाही.

सांबर, भेकर, ससा यांच्या गोष्टीही ती सांगायची. गव्याची मात्र नाही. गवा गाईचा भाऊबंद, तो खाण्याचा विषय आमच्या घरात नव्हता. वर्तमानपत्रं त्याला बायसन म्हणतात, पण अमेरिकेतला बायसन वेगळा. आपला गवा हा रानबैल, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातलेला. आमच्या भागातलं कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान १९५८ साली दाजीपूरचं गवा अभयारण्य झालं, १९७२ साली वन्यजीव कायदा आला, आणि पारध संपली. ती संपायलाच हवी होती, हे मी मनापासून म्हणते. पण पारधीबरोबर वाटेही गेले, याचं वाईट वाटतं. आज आमच्याच गल्लीतली पोरं दुकानात जाऊन "फक्त बोनलेस" मागतात.

आतड्यासकट सगळं खाण्याची ही रीत किती जुनी असेल? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहवला. कांडताना मराठी बायका ओवी गातात, ही नोंद त्यातच आहे, म्हणून मराठीचे अभ्यासक तो जपतात. त्याच ग्रंथात डुकराचे केस कसे काढावेत, आतड्यात मसाला भरून ते निखाऱ्यावर कसं भाजावं, हेही आहे. आपण ओवी घेतली, आतडं विसरलो.

दुसऱ्या रात्री आम्ही कोपऱ्यावरच्या झी चारमध्ये गेलो. कॉफीशॉपच्या एका अंगाला चाललेलं, भडकत्या जाळाचं स्वयंपाकघर. तिथे आलं आणि पातीचा कांदा घालून हरणाचं मांस मिळतं. हे रानातलं हरीण नव्हे, शेतावर वाढवलेलं, बहुतेक न्यूझीलंडमधून येणारं. तिथे गोऱ्यांनी शिकारीसाठी सोडलेली हरणं इतकी माजली की शेवटी कुंपणात घालून पाळायला लागले. हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. म्हणून त्याला दोनच वाटा: एकतर क्षणभर मोठ्या आचेवर, नाहीतर तासन् तास मंद. मधलं काही नाही, मधे ते चामडं होतं. झी चारवाल्यानं पातळ काप कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळले, कढई तापून धूर निघाल्यावर टाकले, आणि मी मनात वीसपर्यंत मोजायच्या आत ताटलीत काढले. आजी दुसऱ्या वाटेची. तिचं सांबर रात्रभर चुलीवर असायचं.

शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा माझ्याकडे बघून हसले. हरणाला चिनीत 'ये वेई' म्हणतात का, मी विचारलं. रानाची चव, असा त्या शब्दाचा अर्थ मी ऐकला होता. ते मान हलवत म्हणाले, हे रानाचं नाही, हे फ्रीजचं. मग बोलत बसले. त्यांच्या वडिलांची पुंगोलला डुकरं होती. केळीचे खुंट आणि जलपर्णी शिजवून घालायचे. १९८४ साली सरकारनं डुक्करपालन बंद करायचं ठरवलं आणि गोठे उठले. १९९९ साली निपाहची साथ आली, मलेशियातून येणारी डुकरं थांबली. लहानपणी त्यांच्या सूपमध्ये रक्ताचे चौकोनी तुकडे असायचे, पुढे रक्त विकायला बंदी आली. "जीभ अजून शोधते," ते म्हणाले. मला रक्ती आठवली, कांदा-खोबऱ्यात परतलेली, काळी, भुसभुशीत. मी त्यांना सांगितली. ते बराच वेळ विचारत राहिले: मीठ केव्हा घालायचं, गोठू कसं द्यायचं.

मी फोनवर दाजीपूरच्या गव्याचा फोटो दाखवला. "सेलाडांग!" ते ओरडलेच. तोच प्राणी. मलायातल्या गव्याच्या पोटजातीला थिओडोर हबॅक या शिकाऱ्याचं नाव आहे. त्यानंच पुढे बंदूक ठेवून रान राखण्यासाठी धडपड केली, आणि १९३८-३९ मध्ये तिथे मोठं राष्ट्रीय उद्यान झालं. आजोबांनी सेलाडांग कधी पाहिला नव्हता. मी पाहिला होता, दाजीपूरच्या धुक्यात, दहा पावलांवर. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पायांचे पांढरे मोजे पाहिले.

परतायच्या आदल्या संध्याकाळी भाचीनं मला नदीकाठच्या लोरोंग हालुसला नेलं. पूर्वी इथे शहराचा कचरा पडायचा, आता पाणथळ राखली आहे. रानडुकरांपासून सावध राहा, त्यांना खायला घालू नका, असं तिथे लिहिलेलं. वाटेच्या कडेला गवत उपटून माती उलटी केलेली होती, हातभर लांब, ओली, ताजी. भाची म्हणाली, "पाइपलाइनचं काम चाललंय वाटतं."

मी वाकून पाहिलं. कडेला दोन बोटांच्या खुरांचे ठसे होते. आमच्या भुईमुगाच्या रानात सकाळी असंच दिसायचं, आणि आजी कंबरेवर हात ठेवून शिव्या द्यायची.

"नाही गं," मी म्हटलं, "मुसकटानं उकरलंय. आता तासाभरात येऊन गेलंय."

भाचीनं माझा दंड धरला. आम्ही आवाज न करता, झाडीकडे तोंड ठेवून, मागे मागे आलो.