न पाहिलेलं मूल

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. ही म्हण सध्या डोक्यातून जात नाही, आणि तिच्यामागोमाग विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर येतो.

१९१९ सालचं व्हिएन्ना. पॉपर सोळा-सतरा वर्षांचा. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरबरोबर तो कामगारवस्तीतल्या मुलांसाठी काम करत होता. एका मुलाची हकिगत त्याने ॲडलरच्या कानावर घातली. ही काही ॲडलरच्या न्यूनगंडाच्या सिद्धांतात बसायची नाही, असं त्याला वाटत होतं. ॲडलरने मूल पाहिलंही नव्हतं, तरी चुटकीसरशी बसवून दाखवली. एवढी खात्री कशी, तर म्हणे हजारदा आलेला अनुभव. आता तो एक हजार एकदा झाला, असं पॉपरने ऐकवलं. पुढे त्याने दोन माणसं कल्पिली: एक मुलाला बुडवायला पाण्यात ढकलणारा, दुसरा त्याला वाचवताना जीव देणारा. न्यूनगंड दोघांनाही सारखाच लागू! कशानेच खोटं ठरू शकत नाही, ते विज्ञान कसलं?

मला हे पटतं. ॲडलरला जग न्यूनगंडाच्याच रंगाचं दिसत होतं. गप्प बसणाऱ्या मुलाला न्यूनगंड आणि दंगा करणाऱ्यालाही न्यूनगंड, हे आपल्याकडच्या पालकसभांतही ऐकू येतंच.

पण मग त्या म्हणीचं काय करायचं? लहानपणी मावशीला कावीळ झाली होती. डोळे पिवळेधमक, नखं पिवळी, उसाचा रस आणि बिनतेलाची भाजी चालू. मी भाताचं ताट तिच्यापुढे धरून विचारलं, "मावशी, भात पिवळा दिसतो का गं?" ती म्हणाली, "नाही गं, पांढराच आहे की." पिवळं दिसत होतं ते तिच्याकडे बघणाऱ्या आम्हाला. रक्तातलं बिलिरुबिन वाढलं की डोळे पिवळे होतात, नजर नाही होत. म्हण तिथेच खोटी ठरली. तरी आजही माणसं ओळखताना मला तिचा उपयोग होतो.

कसोटीला न उतरलेलं बोलणं असं उपयोगी पडत असेल, तर ॲडलरलाच का अडवायचं? पॉपरनेही त्याचं सगळं टाकाऊ ठरवलं नव्हतं. त्यात महत्त्वाचं पुष्कळ असेल, पण ते आज तपासता येत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. आणि बिथरलेल्या मुलाला घेऊन आलेल्या आईने तरी कसोटीची वाट किती बघायची? तिला त्याच दिवशी काहीतरी हवं असतं. पण तेच "काहीतरी" मुलाला जन्मभर चिकटतं, याचीही मला भीती वाटते.

पॉपरचं उत्तर बिनतोड होतं. त्या मुलाला नेमकं काय झालं होतं, हे मात्र त्याने त्या हकिगतीत सांगितलेलं नाही.