एक कार्ड, दोन ड्रायव्हर

आमच्या घरातला कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर दहा सेकंद एक यादी थांबते. वरच्या ओळीत माझ्या मुलीचं नाव आहे, खालच्या ओळीत माझं. पाहुण्यांना वाटतं, दोघांसाठी दोन वेगळ्या सिस्टीम टाकल्या असतील. तसं नाही. लिनक्स एकच आहे, डेबियन. फायली त्याच, फोल्डर तेच. फरक एवढाच, की आतलं ग्राफिक्स कार्ड आज कोणता ड्रायव्हर चालवणार, हे त्या ओळीवर ठरतं. या दोन ओळी घरात कशा आल्या, ते सांगायचं आहे. त्यात माझी फारशी शोभा नाही.

आधी थोडं कार्डाबद्दल. आमच्याकडे एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय आहे, २०१६ सालचं मॉडेल, आम्ही जुनं घेतलेलं. अशा कार्डाला लिनक्सवर दोन ड्रायव्हर मिळतात. एक कंपनीने दिलेला. तो वेगवान आहे, पण त्याचा सोर्स कोड आपल्याला पाहता येत नाही. दुसरा 'नूव्हो', म्हणजे फ्रेंचमध्ये 'नवा'. हा स्वयंसेवकांनी लिहिला. कार्ड आतून कसं चालतं याची कागदपत्रं हाताशी नसताना, कंपनीचा ड्रायव्हर कार्डाला काय सांगतो हे टिपून, अंदाज बांधून, चुका करत लिहिला. २०१० साली २.६.३३ या आवृत्तीपासून तो लिनक्सच्या कर्नेलमध्येच आला. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या कंपनीला उद्देशून कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं, तो व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. मीही पाहिला होता, आणि टाळ्या वाजवल्या होत्या.

मी मुक्त सॉफ्टवेअरवाला माणूस. रिचर्ड स्टॉलमन यांची चळवळही एका अशाच रागातून सुरू झाली, असं ते स्वतः सांगतात. प्रयोगशाळेतला लेझर प्रिंटर सारखा अडकायचा आणि तो सुधारायला लागणारा सोर्स कोड द्यायला समोरचा तयार नव्हता. ही गोष्ट मी कितीतरी तरुणांना सांगितली आहे. त्यामुळे डेबियन १२ नव्याने टाकताना मी कंपनीचा ड्रायव्हर बसवलाच नाही. घरात बंद सॉफ्टवेअर नको, असं जाहीर केलं. घरात मान हलवायला दोघीच होत्या. दोघींनीही हलवली.

मुलगी अॅनिमेशन शिकत होती. शेवटच्या वर्षाचं सबमिशन म्हणून तिला चाळीस सेकंदांची फिल्म करायची होती. ती ब्लेंडर वापरते. ब्लेंडर मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणून मी खूशच होतो. पण चाळीस सेकंद म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे ९६० चित्रं, आणि प्रत्येक चित्रातला उजेड, सावली, चकाकी कॉम्प्युटरने मोजून काढायची. हे काम कार्डावर फार लवकर होतं. त्यासाठी ब्लेंडरला जी 'कूडा' नावाची यंत्रणा लागते, ती फक्त कंपनीच्या ड्रायव्हरसोबत चालते. नूव्होवर ते सगळं काम प्रोसेसरवर पडतं. आमच्याकडे एका चित्राला नऊ मिनिटं लागत होती. ९६० गुणिले नऊ, म्हणजे सलग सहा दिवस आणि सहा रात्री. तिच्या हातात चार दिवस होते.

तिने मला काही विचारलं नाही. संध्याकाळी डिस्क पिशवीत टाकून ती मैत्रिणीकडे जायची आणि रात्री उशिरा परत यायची. मला वाटलं, अभ्यास चाललाय. फिल्म जमा झाल्यावर एकदा मी डिस्क शोधत होतो, तेव्हा तिच्या आईने सगळं सांगितलं. मी मुलीला म्हणालो, "मला सांगायचंस की, बेटा."

ती म्हणाली, "अब्बा, तुमचं तत्त्व बरोबरच आहे. पण सबमिशन माझं होतं."

यावर काही उत्तर सुचलं नाही. त्या रात्री उगाच कॉम्प्युटरसमोर बसून मी बूटचा लॉग वाचत होतो, की नूव्हो नेमकं काय करतो. त्यातून कळलं, की या पिढीच्या कार्डांना वेग देण्यासाठी नूव्होलाही कंपनीने सही केलेलं फर्मवेअर कार्डात भरावं लागतं. ते बंदच असतं. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन असं फर्मवेअर इन्स्टॉलरसोबत द्यायचं ठरवलं, म्हणून ते माझ्याकडे न मागता आलं होतं. शिवाय कार्डाचा वेग कमीजास्त करायची किल्लीही त्या सहीमागे अडकलेली, म्हणून नूव्होवर हे कार्ड कायम सुरुवातीच्या मंद चालीनेच चालतं. म्हणजे ज्या शुद्धतेपायी मुलीला चार रात्री दुसऱ्याच्या घरी काढाव्या लागल्या, ती शुद्धता माझ्या घरात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीचा ड्रायव्हर बसवला. पण नूव्हो काढला नाही. दोन्ही डिस्कवर सुखाने राहू शकतात. अडचण असते ती कार्डाचा ताबा घेताना. कॉम्प्युटर चालू होताना कर्नेल कार्ड ओळखतं आणि त्याला जुळणारा ड्रायव्हर उचलतं. एकदा एकाने ताबा घेतला की पडदा त्याच्या हातात. चालत्या गाडीत स्टिअरिंग दुसऱ्याकडे देणं जसं जिकिरीचं, तसंच हे. म्हणून निवड गाडी निघण्याआधीच करायची, म्हणजे ग्रबच्या यादीत.

सहसा कंपनीचा ड्रायव्हर बसवला की नूव्होवर बंदी घालणारी एक छोटी फाईल सोबत येते. ती कायमची बंदी मी उठवली. त्याऐवजी ग्रबच्या '४० कस्टम' या फाईलमध्ये दोन नोंदी लिहिल्या. दोन्हींत कर्नेल तेच, फक्त त्याला द्यायच्या सूचनेच्या शेवटी एक शब्द वेगळा. मुलीच्या ओळीत 'मॉडप्रोब डॉट ब्लॅकलिस्ट' पुढे नूव्होचं नाव, माझ्या ओळीत तिथेच एनव्हिडियाच्या मॉड्यूलची नावं. म्हणजे बंदी आहे, पण त्या एका बूटपुरती. मग बूटवेळी लागणारी इनिटरामएफएस नव्याने बनवली आणि ग्रब अपडेट केलं. नावं रोमन लिपीत लिहिली, कारण ग्रबमध्ये देवनागरी जोडाक्षरांचा भरवसा नव्हता.

पहिल्यांदा घाईत मी एका नोंदीत दोन्ही ड्रायव्हरांवर बंदी घातली. लॉगिनची खिडकी आलीच नाही, नुसती अक्षरं. मुलगी मागे उभी होती. ती काही बोलली नाही, पण हसू दाबत होती हे कळलं. असं झालं तर घाबरू नका. ग्रबच्या यादीत 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतला नको तो भाग खोडा आणि एफ १० दाबा. तो बदल तेवढ्या बूटपुरताच राहतो. सिस्टीम सुरू झाली की मूळ फाईल नीट दुरुस्त करता येते.

मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यं सांगतात. त्यांची मोजणी शून्यापासून होते. शून्य क्रमांकाचं स्वातंत्र्य असं, की प्रोग्राम तुम्हाला हव्या त्या कामासाठी, हवा तसा चालवायचा. मी तरुणांना हे पाठ म्हणून दाखवत होतो आणि घरी मुलीच्या कामासाठी कॉम्प्युटर कसा चालावा, हे तिला न विचारता ठरवून मोकळा झालो होतो. माझ्या तत्त्वासाठी मी माझा वेळ घालवावा, ते माझं. तिचे चार दिवस माझे नव्हते.

माझं मत बदललेलं नाही. २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला, पण तो नंतरच्या पिढीच्या कार्डांसाठी. आमचं कार्ड त्यात बसत नाही. आता तर ५८० ही या पिढीसाठी ड्रायव्हरची शेवटची मालिका ठरली आहे. आज ना उद्या नवं कर्नेल येईल आणि वरची ओळ चालेनाशी होईल. नूव्हो कर्नेलसोबत येतो, त्यामुळे खालची ओळ त्यानंतरही चालेल.

त्याची झलक मिळालीही. मागे मी नवं कर्नेल टाकलं आणि त्याच्या हेडर फायली टाकायला विसरलो. त्यामुळे कंपनीच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल तयारच झालं नाही. मी बाहेरगावी होतो. मुलीला दुपारपर्यंत एक पत्र लिहून पाठवायचं होतं आणि वरच्या ओळीवर लॉगिनची खिडकी येत नव्हती. मला फोन आला तेव्हा तिचं काम संपत आलं होतं.

"अब्बा, माझा ड्रायव्हर आज आला नाही," ती म्हणाली. "तुमच्यावर भागवलं."