परसातला खटला

माणूस गेला तर डॉक्टर दाखला देतो, बैल गेला तर गाव हळहळतो, पण कोंबडी मेली की एकच प्रश्न निघतो, "कोणी केलं?" नोकरीतून सुटून कर्जतला बिऱ्हाड केल्यावर हा न्याय मला कळला.

गेल्या आषाढात आमच्या हिच्या चौदा कोंबड्यांपैकी पाच तीन दिवसांत गेल्या. परसात लगेच कोर्ट भरले. हिचा संशय मुंगसावर. पण मुंगूस आले असते तर रक्त, पिसे, काही तरी खूण राहिली असती. मग शेजारच्या अण्णांनी आवाज खाली आणून मागच्या वाडीतल्या कातकरी मावशीचे नाव घेतले. "तुमच्या कोंबड्यांनी तिची वरी उकरली होती. काहीतरी घातलंन तिनं!" दुसऱ्या दिवसापासून नळावर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. आता मला गप्प बसवेना.

नुकतीच मेलेली कोंबडी दुहेरी पिशवीत बांधून मी जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी वकिलासारखी उलटतपासणी घेतली. पिल्ले मेली की थोरली? शीट कसली? आणखी कोणाच्या मेल्या? लहानथोर दोन्ही मेली होती, शीट हिरवट होती, दोघींच्या माना पिळवटल्या होत्या. कोंबडी उघडली तर जठरात रक्ताचे बारीक ठिपके.

"मानमोडी दिसते," डॉक्टर म्हणाले.

हाच तो राणीखेत रोग. कुमाऊँतल्या राणीखेत गावी 1928 च्या सुमारास तो ओळखला गेला, म्हणून हे नाव. परंतु बर्ड फ्लूचे सोंगही वरवर असेच असते. 2006 साली नवापूरला तो आला होता, 2025 च्या जानेवारीत आपल्या रायगडातच उरणच्या चिरनेरला. त्यामुळे डोळ्यांवर भिस्त न ठेवता नमुने प्रयोगशाळेत गेले. उत्तर आले: राणीखेतच.

डॉक्टरांचा तिसरा प्रश्न मात्र माझ्यापाशीच उरला होता. मी घरोघर विचारत निघालो. अण्णांनी गटारीसाठी खालापूर तालुक्यातून, खोपोलीच्या बाजारातून दोन कोंबडे आणले होते. त्यांतला एक अमावास्येआधीच डालग्याखाली मरून पडला होता. आणि मावशीच्या नवांपैकी सात गेल्या होत्या. त्या विकून ती मुलाची वह्यापुस्तके घेणार होती.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"इचारलं कोनी?" ती म्हणाली.

अण्णांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

आमच्या चारच वाचल्या. मेलेल्या चुना टाकून खोल पुरल्या, खुराडे धुऊन काही आठवडे मोकळे ठेवले. दसऱ्याच्या सुमारास नवी पिल्ले आली, तेव्हा लशीचा प्रश्न निघाला. लस पिल्लाच्या डोळ्यात एकच थेंब घालायची. पण कुपी असते शंभर मात्रांची, आणि एकदा कालवली की थोड्याच तासांत संपवावी लागते. एकट्यादुकट्याच्या दहा पिल्लांना ती परवडत नाही. साहजिकच सारी वाडी आमच्या परसात जमली.

कुपी बर्फात राहावी म्हणून थर्मास अण्णांनी आणला होता. तो कोणाच्या हाती न देता त्यांनी स्वतःच धरला, आणि डॉक्टरांना म्हणाले, "आधी मावशीची टोपली घ्या."