प्रतिवादी : अशोककुमार

बा. सी. मर्ढेकर १९५६ साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट टिकतो. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. साहित्याच्या अध्यापकाला अशी तारीख सणासारखी वाटते. मला तरी वाटली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’ हे संकेतस्थळ भारतात काही दिवस बंद राहिले. ‘जब हॅरी मेट सेजल’ आणि ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ या चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला होता, आणि त्या यादीत हे ग्रंथालयही होते. होय, ग्रंथालयच. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात सार्वजनिक पैशातून स्कॅन झालेली लाखो पुस्तके तिथे आहेत, आणि त्यांत मराठी पुस्तकेही पुष्कळ. पाने तिरकी, मधलीच दोन गहाळ, कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का, आणि नावाचे रोमन लिप्यंतर इतके अजब की हरिभाऊ आपट्यांची कादंबरी चार तऱ्हांनी टंकून शोधावी लागते. तालुक्याच्या गावी एम.ए. करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना एकोणिसाव्या शतकातले मराठी गद्य भेटते ते बहुधा याच रूपात.

चोर कोण हे ठाऊक नसताना दिल्या जाणाऱ्या अशा आदेशांना आपल्याकडे ‘अशोककुमार आदेश’ म्हणतात. इंग्रजी परंपरेतला जॉन डो इथे अशोककुमार झाला. नाव मोठे घरगुती आहे. पण या गृहस्थाला चेहरा नाही आणि म्हणून वकीलही नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा आरोपी समोर होता, आक्षेप कशावर आहे हे त्याला ठाऊक होते, तो उत्तर देऊ शकला आणि निर्दोष सुटला. खटल्याचे समर्थन मी करीत नाही. पण त्या न्यायासनापुढे निदान एक पुस्तक होते. २०१७ च्या आदेशापुढे होती ती संकेतस्थळांच्या पत्त्यांची जंत्री.

अर्थात, निर्मात्यांची तक्रार खोटी होती असे नाही. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकाला विचारा. नव्या कादंबरीची पीडीएफ पंधरवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली की दुसऱ्या आवृत्तीचे नाव निघत नाही. ‘ज्ञान मुक्त हवे’ हे वाक्य या प्रकाशकासमोर म्हणायला मला संकोच वाटतो. आर्काइव्हवरही कॉपीराइटमधली पुस्तके सापडतात, हेही खरे.

मात्र त्यासाठी कायद्यात नेमके हत्यार आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ प्रमाणे हक्कधारकाने अमुक कृती अमुक ठिकाणी आहे अशी लेखी तक्रार करायची. ती साठवणाऱ्याने एकवीस दिवस तिची वाट बंद ठेवायची. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर ती पुन्हा खुली करता येते. एक चित्रपट, एक पत्ता, एक मुदत. इथे कुणाला तरी कृतीचे नाव उच्चारावे लागते. साऱ्या जागेला टाळे लावताना ते लागत नाही, म्हणूनच ते सोयीचे पडते.

ही सोय पुढे वाढतच गेली. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘गतिमान’ मनाईहुकूम मान्य केला : बंद केलेले स्थळ नव्या पत्त्यावर उगवले, तर नवा दावा न लावता संयुक्त निबंधकांकडे अर्ज करून तो पत्ता यादीत घालता येतो. चोरही पत्ते रोज बदलतात, तेव्हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण यादीत चुकून पडलेले नाव काढायचे तर दिल्लीत किंवा चेन्नईत वकील उभा करावा लागतो, आणि हरिभाऊंची कादंबरी चार तऱ्हांनी शोधणारी मुलगी तो कुठून आणणार?