समर्पणाच्या सणाची संध्याकाळ

फेब्रुवारीची दोन तारीख म्हणजे प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण. नाताळपासून चाळिसाव्या दिवशी येणाऱ्या या सणाला मिस्सापूर्वी मेणबत्त्या आशीर्वादित केल्या जातात आणि त्या पेटत्या मेणबत्त्या हाती घेऊन भाविक मंदिरात प्रवेश करतात. २०१९ साली हा सण शनिवारी आला होता. सकाळी पनवेलच्या आमच्या चर्चमध्ये मी आणि माझी पत्नी मिस्साला गेलो. घरी परतल्यावर आशीर्वादित मेणबत्ती तिने पवित्र हृदयाच्या तसबिरीपाशी ठेवली. बाराच्या सुमारास मी पायांत बूट चढवू लागलो, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"अहो, खरंच जाताय?"

"जातो."

ती आणखी काही बोलली नाही. पाण्याची बाटली तेवढी पिशवीत ठेवली.

मी निघालो होतो मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानाकडे. समलिंगी, तृतीयपंथी आणि त्यांच्यासारख्याच उपेक्षित माणसांची 'क्विअर आझादी मार्च' या नावाची मिरवणूक त्या दिवशी तेथून निघणार होती. माझा मुलगा तिच्यात चालणार होता. रसायनीच्या एका कारखान्यात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला, दर रविवारी मिस्सात वाचन करणारा मी त्या मिरवणुकीला का निघालो, हे सांगायचे तर पाच वर्षे मागे जावे लागेल.

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड विधानाचे कलम ३७७ कायम ठेवले. हे कलम इंग्रजांनी १८६० साली केलेले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा त्यातील भाग दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी घटनाबाह्य ठरविला होता. तो निर्णय त्या दिवशी रद्द झाला. रात्री जेवताना दूरदर्शन संचावर ती बातमी चालू होती. मी नेहमीप्रमाणे लक्ष न देता ऐकत होतो. तेव्हा बावीस वर्षांचा असलेला माझा मुलगा ताटातला घास तसाच ठेवून म्हणाला,

"पप्पा, त्या बातमीत मी आहे."

मी उठून संच बंद केला. मग जे बोललो ते मला अक्षरशः आठवते. "हे घराबाहेर जाता कामा नये." त्यानंतर आम्ही तिघांनी रोजची रोजरी म्हटली. तिसऱ्या रहस्याला त्याचा आवाज थांबला. मी पुढे म्हणत राहिलो.

मी त्याच्यावर हात उगारला नाही, त्याला घराबाहेर काढले नाही, कोणा वैद्याकडे वा मांत्रिकाकडे नेले नाही. म्हणून आपण समंजस बाप आहोत अशी माझी समजूत होती. तो नोकरीनिमित्त मुंबईत राहू लागला. रविवारी फोन येई. विजेचे बिल, आईचे गुडघे, पावसाचे मान यांवर आम्ही बोलत असू. त्या एका वाक्यानंतर त्याने तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

त्या निकालानंतर थोड्याच दिवसांनी एक बातमी माझ्या वाचनात आली. मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी म्हटले होते की, ख्रिस्तसभेने समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार कधीच मानलेले नाही. समलिंगी विवाहाला त्यांची मान्यता नव्हती, हेही त्यात होतेच. पनवेल मुंबईच्याच धर्मप्रांतात येते, म्हणजे हा आमच्याच मेंढपाळाचा आवाज होता. मी ते कात्रण कापून घेतले आणि प्रार्थनापुस्तकात संत जोसेफच्या लितानीच्या पानात ठेवले. मुलाला मात्र दाखविले नाही. दाखवायचे तर पुन्हा त्या विषयाला तोंड फोडावे लागले असते. मला त्या कात्रणाने धीर दिला आणि तो सारा धीर मी माझ्यापुरताच ठेवून घेतला.

६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला की, प्रौढ व्यक्तींमधील परस्परसंमतीचे खासगी संबंध हा गुन्हा नव्हे. ते मरियामातेच्या जन्मोत्सवाचे दिवस होते. हरिगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाण्यासाठी आमची बांधाबांध चालली होती. आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे. माउलीच्या यात्रेला सहसा खंड पडत नाही. फोन वाजला.

"पप्पा, बातम्या पाहिल्यात?"

"पाहिल्या."

तो काही क्षण थांबला. "आता मी गुन्हेगार नाही."

तू कधीच गुन्हेगार नव्हतास, असे म्हणायला मला कोणाची हरकत होती? कात्रण हाताच्या अंतरावर होते. माझ्या तोंडून शब्द निघाले ते असे: "जेवलास का?"

त्या वर्षी हरिगावला गर्दीत एक बाप आपल्या पोराला खांद्यावर घेऊन माउलीच्या दर्शनाला निघालेला दिसला. पोराने बापाचे केस घट्ट धरले होते. माझा मुलगाही असाच माझ्या खांद्यावर बसून त्या वाटेने गेला होता. त्या गर्दीतून चालण्याची मला कधी लाज वाटली नव्हती. पुढे जानेवारीत त्याने मुंबईच्या मिरवणुकीची तारीख सांगितली आणि म्हटले, "पप्पा, तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी मी समजून घेईन." त्याच्या या समजून घेण्यानेच मला अधिक लाजविले.

हार्बरच्या गाडीने कुर्ला, तेथून दादर, दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, असा प्रवास करून मी ऑगस्ट क्रांती मैदानाशी पोहोचलो. हेच जुने गवालिया टँक मैदान. ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत'चा ठराव येथेच झाला. एवढी माणसे एकत्र जमलेली मी हरिगावनंतर प्रथमच पाहत होतो. रंगविलेले चेहरे, ढोल, सहा रंगांचे ध्वज, नऊवारी नेसून नाचणारे तृतीयपंथी, मराठी-हिंदी-इंग्रजी फलक. खरे सांगायचे तर काही वेशभूषा आणि काही घोषणा माझ्या मनाला रुचल्या नाहीत. मी कुंपणाला चिकटून उभा राहिलो. पनवेलचे कोणी ओळखीचे भेटले तर काय सांगायचे, याची जुळवाजुळव मनात चालली होती. अधूनमधून काही चेहऱ्यांवर मुखवटे दिसत होते. घरच्यांना कळू नये म्हणून ही मुले मुखवटा लावून चालतात, असे मुलाने मागे सांगितले होते. त्या मुखवट्यांकडे पाहताना माझे 'घराबाहेर जाता कामा नये' हे वाक्य मला आठवले. ते वाक्य मी कागद न वापरता केलेला तसाच एक मुखवटा होता.

माझ्या पत्नीच्या वयाच्या एक बाई जवळ आल्या. साधी सुती साडी, गळ्यात दोऱ्याने अडकविलेला फलक. त्यावर हाताने लिहिले होते, 'ही माझी लेक आहे'. मी एकटाच उभा असलेला पाहून त्यांनी सहज विचारले,

"तुमचं कोण?"

"मुलगा," मी म्हणालो.

पाच वर्षांत हा शब्द या अर्थाने मी घराबाहेर प्रथमच उच्चारला. आकाश कोसळले नाही. बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "मग इथे कडेला का? चला की." अशा मुलांच्या आईवडिलांचा 'स्वीकार' नावाचा एक गट मुंबईत आहे, हेही त्यांच्याकडूनच कळले. तेवढ्यात मुलगा मला शोधत आला. त्याने मला मिठी वगैरे मारली नाही. "पप्पा, बूट चावत नाहीत ना? बरंच चालायचं आहे," एवढेच म्हणाला, आणि आम्ही चालू लागलो.

चालता चालता त्याने मला बरेच सांगितले. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले. आशियातील पहिली अशी मिरवणूक जून १९९४ मध्ये मनिला शहरात निघाली. मनिला म्हणजे आमच्यासारख्याच रोजरी म्हणणाऱ्या कॅथलिकांचे शहर. मला त्याचे आश्चर्य वाटले. भारतातील पहिली २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात निघाली, तेव्हा अवघी पंधरा माणसे चालली होती. पुढे बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, दिल्लीचा निकाल आला. मुंबईतील पहिली मिरवणूक १६ ऑगस्ट २००८ रोजी याच मैदानावरून निघाली. ती पंधरा माणसे कोणत्या धैर्याने रस्त्यावर उतरली असतील! आज हजारोंमध्ये चालतानाही माझी मान पुरती वर होत नव्हती.

सकाळच्या मिस्सात वाचलेले संत लूकचे शुभवर्तमान माझ्या मनात घोळत होते. मरिया आणि जोसेफ बाळाला घेऊन मंदिरात येतात. ते गरीब असल्यामुळे अर्पणासाठी त्यांच्याजवळ कोकरू नसते; नियमाने गरिबांना दिलेली पाखरांची जोडीच ते आणतात. वृद्ध शिमोन बाळाला हातांत घेतो आणि मरियेला सांगतो की, तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. या प्रसंगावर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत. जोसेफ तेथेच उभा असतो, पण एक शब्दही बोलत नाही. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही उद्गार नाही. माझ्या मौनाला मी मनातल्या मनात त्याच्या मौनाचा आधार देत आलो होतो. त्या दिवशी रस्त्यावर माझ्या ध्यानी आले की, जोसेफ बोलला नाही खरा, पण प्रत्येक वेळी तो उठून चालू लागला. बाळाच्या जिवावर संकट आले तेव्हा रात्रीच्या रात्री उठून त्याने मिसरची वाट धरली. मी मात्र पाच वर्षे गप्पही होतो आणि बसूनही होतो.

वाचकांपैकी काहींना प्रश्न पडेल की, ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचे काय? ती शिकवण मी जाणतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने समलिंगी संबंधांना मान्यता दिलेली नाही, आणि विवाह हा स्त्री-पुरुषांचाच मानला आहे. त्याच ग्रंथाच्या २३५८ व्या परिच्छेदात असेही सांगितले आहे की, अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकार करावा, त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभाव टाळावा. यातील पहिला भाग आम्हांला तोंडपाठ असतो. दुसरा पाळायची वेळ आपल्याच घरात येते, तेव्हा त्यासाठी आपण काय केले, एवढाच माझा प्रश्न आहे आणि तो मी प्रथम स्वतःला विचारतो. 'मी न्याय करणारा कोण?' अशा आशयाचे पोप फ्रान्सिस यांचे जुलै २०१३ मधील उद्गार जगभर गाजले. मी मात्र त्याच वर्षी डिसेंबरात, जेवणाच्या टेबलापाशी, न्याय करून मोकळा झालो होतो.

संध्याकाळी मुलगा मला कुर्ल्यापर्यंत सोडायला आला. फलाटावर पनवेल गाडीची वाट पाहताना मी खिशातून ते कात्रण काढून त्याच्या हाती दिले. कागद पिवळा पडला होता, घडीच्या जागी फाटू लागला होता. त्याने दिव्याखाली धरून तो वाचला. वरच्या कोपऱ्यात मीच पेनने तारीख घातली होती. तिच्यावर त्याची नजर थांबली.

"हे पाच वर्षं तुमच्याकडे होतं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याला त्या डिसेंबरात कोणत्या रात्री काढाव्या लागल्या, हे मी तोवर कधी विचारलेच नव्हते. तो रागावला असता तर मला सोपे गेले असते. त्याने कात्रणाची घडी घातली आणि ते मला परत दिले. "आईला दाखवा," म्हणाला.

घरी पोहोचायला रात्रीचे दहा वाजले. पत्नी जागीच होती. तिने चष्मा लावून कात्रण वाचले, पुन्हा वाचले, आणि विचारले, "तो जेवला का?" सप्टेंबरात मी हाच प्रश्न विषय टाळण्यासाठी विचारला होता. तिच्या तोंडी तो तसा नव्हता. मी मुलाचा नंबर लावला आणि फोन तिच्या हाती दिला. दोघे बराच वेळ बोलत होते. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

या गोष्टीला आता बरीच वर्षे लोटली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. त्याच वर्षी १८ डिसेंबरला व्हॅटिकनने, विवाहविधीचे स्वरूप येऊ न देता, अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली. त्यावर जगभर मतभेद झाले, आमच्या घरातही झाले. मुलाच्या आणि माझ्या मतांत आजही अंतर आहे. त्याला जे सारे हवे आहे, ते सारे मला पटतेच असे नाही. पण आता आम्ही त्यावर बोलतो, कधी आवाज चढवूनही बोलतो.

मिस्सानंतर चर्चच्या आवारात कोणी विचारतात, "चिरंजीवांचे दोनाचे चार कधी करणार?" पूर्वी मी हवापाण्यावर विषय नेत असे. आता जे आहे ते सांगतो. तो त्याच्या सोबत्याबरोबर मुंबईत राहतो, नाताळला दोघेही आमच्याकडे येतात. काही जण गप्प होतात. एका जुन्या स्नेह्यांचे आमच्याकडे येणे बंद झाले. त्याचे दुःख आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ सर्व मंडळी पांगेपर्यंत माउलीच्या ग्रोटोपाशी थांबून राहिले. मी छत्री उघडली तसे जवळ आले आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "जरा बोलायचं होतं. आमच्या धाकट्याविषयी."

ते कात्रण मी आता पाकिटातच बाळगतो. छत्री मिटली आणि आम्ही दोघे आडोशाच्या बाकावर बसलो.