सीआरपी ताईंना अनावृत पत्र

सीआरपी ताई,


पैशाच्या सवयी सुधारून देणारे ‘मनी कोच’ हल्ली शहरात फी घेऊन मिळतात. तेच काम तुम्ही सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती, गावोगावच्या बचत गटांत सतरंजीवर बसून, तुटपुंज्या मानधनात करता. त्याचं मोल कुणीतरी चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे पैशाचं बोलणं दबक्या आवाजात चालतं. नवऱ्यानं कुणाकडून किती उचललेत, हे बायकोला कळतं ते वसुलीवाला दारात आल्यावर. तिनं डाळीच्या डब्यात काय ठेवलंय, हे त्याला ठाऊक नसतं. मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. पण कुणी किती उचललंय हे घरालाच माहीत नसेल, तर हे निम्मं मोजायचं कुणी?

तुम्ही आल्या आल्या ‘बचत करा’ म्हणत नाही, हे मला फार आवडतं. तुम्ही फरशीवर खडूनं बारा घरं आखता, बारा महिन्यांची. जूनच्या घरात बियाणं, खत, वह्या-पुस्तकं, गणवेश सगळं एकदम येऊन पडतं. सोयाबीनचे पैसे येतात ते पार दिवाळीच्या तोंडावर. बाई आपणहून जूनवर बोट ठेवते, ‘इथं दर साली हात पसरावा लागतो.’ आपल्याला पैसा राखता येत नाही, असं ती वर्षानुवर्षं ऐकत आलेली असते. खरी अडचण कुठल्या महिन्यात आहे हे दिसलं, की तिची मान वर होते. मग दिवाळीतच जूनसाठी बाजूला काढायचं कुणी शिकवावं लागत नाही.

आणि व्याज! ३६,००० रुपये, शेकडा दोन, बारा हप्ते. बाहेरचा माणूस पहिल्या दिवशीच्या मुद्दलावर वर्षभर ७२० रुपये महिना लावतो, म्हणजे ८,६४० रुपये. गटात दर महिन्याला ३,००० मुद्दल फिटतं आणि उरलेल्यावरच व्याज बसतं : आधी ७२०, मग ६६०, मग ६००. वर्षाचं होतं ४,६८०. दर दोन्हीकडे दोनच टक्के, आणि फरक ३,९६० रुपयांचा. हा हिशेब एकदा स्वतः मांडलेली बाई ‘हप्ता किती?’ एवढंच विचारून अंगठा देत नाही. व्याज कशावर धरलंय, हेही विचारते.

बायकांना हिशेब जमत नाही म्हणणाऱ्यांना म्हसवड गावाची आठवण करून द्यावी. तिथल्या बायकांचा स्वतःची बँक काढण्याचा अर्ज आधी नामंजूर झाला होता, कारण प्रवर्तकांपैकी काही जणी निरक्षर होत्या. त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली.

एक विनंती मात्र आहे. अमुक इतके विम्याचे अर्ज भरून आणा, असा लकडा मागे लागला तरी तुमची बैठक अर्जांपुरती उरू देऊ नका. तुम्ही काही विकायला आलेल्या नाही, म्हणून बायका तुमच्यापाशी मोकळ्या होतात. तो विश्वास एकदा गेला तर परत मिळायचा नाही. विमा वाईट नाही. वर्षाला २० रुपयांत अपघाताचा आणि ४३६ रुपयांत जीवन विमा, दोन्ही दोन-दोन लाखांचे, गरिबाच्या घराला मोठाच आधार आहेत. पण खात्यातून पैसे आपोआप कापले जातात आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. मग वेळ आल्यावर दावा करायचा कुणी?

तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येकीला पासबुक भरून आणायला सांगा. २० आणि ४३६ च्या नोंदी तिच्या तिलाच शोधू द्या. वारस म्हणून कुणाचं नाव लागलंय, ते बँकेत विचारायला लावा. आणि जमलं तर त्या दिवशी नवऱ्यांनाही बोलवा. सतरंजी मोठी लागेल, ती आम्ही आणू.

आपली,
बचत गटाची एक जुनी सभासद