किडा आणि करुणा

एखाद्याचे वाईट चिंतायचे झाले तर 'किडे पडतील' असा शाप आपल्याकडे दिला जातो. पवित्र शास्त्रातही ईयोबाच्या यातनांची परिसीमा किड्यांनीच दाखविली आहे आणि प्रेषितांच्या कृत्यांत गर्विष्ठ हेरोदाचा अंत किडे पडूनच होतो. असा हा तिरस्कृत जीव औषध म्हणून जखमेत सोडतात असे सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या अंगावर शहारा येणे स्वाभाविक आहे.

परंतु ही गोष्ट खरी आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, डॉ. विल्यम बेअर या अमेरिकन शल्यचिकित्सकाने फ्रान्समध्ये सात दिवस रणांगणावर पडून राहिलेले दोन सैनिक पाहिले. त्यांच्या जखमा अळ्यांनी भरल्या होत्या. पण अंगात ताप नव्हता आणि अळ्या धुऊन काढताच खाली निरोगी, गुलाबी मांस दिसले. पुढे १९२९ च्या सुमारास बाल्टिमोर येथे हाडे सडलेल्या मुलांवर त्यांनी हाच उपचार केला. पेनिसिलिन आले आणि अळ्या विस्मृतीत गेल्या. औषधांना न जुमानणारे जंतू वाढले, तेव्हा त्यांची पुन्हा आठवण झाली. २००४ साली अमेरिकेच्या सरकारने या उपचाराला रीतसर मान्यता दिली.

आपल्या उघड्या जखमांत पडणारे किडे मात्र निराळे. त्यांतील काही जिवंत मांसही पोखरतात. म्हणून आपले डॉक्टर टर्पेंटाइन घालून ते चिमट्याने वेचून काढतात, आणि ते योग्यच आहे. उपचाराच्या अळ्या एका विशिष्ट हिरव्या माशीच्या असतात. तिची अंडी निर्जंतुक करून त्या वाढवितात आणि जाळीदार पट्टीखाली दोन-तीन दिवस ठेवतात. मेलेले मांस विरघळवून त्या शोषून घेतात. त्यांची वीण जखमेत वाढू शकत नाही.

आमच्या ओळखीची कोपरीची एक वृद्ध भगिनी मधुमेहाने आजारी होती. तळपायाची जखम सडू लागली होती. आम्ही रुग्णाभ्यंग देण्यास गेलो असता तिच्या मुलाने सांगितले, "फादर, डॉक्टर या अळ्यांविषयी बोलले, पण हसून म्हणाले, आपल्याकडचा पेशंट हे ऐकूनच पळेल." खाटेवरून म्हातारी म्हणाली, "जन्मभर मासळी विकली मी. किड्यांना काय भिऊ? पाय राहत असेल तर सोडा की! लोक देवाची शिक्षा म्हणतील, त्याचंच वाईट वाटतं." काही दिवसांनी तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

अळ्यांनी तो वाचला असता, असे आम्ही म्हणत नाही. २००९ साली इंग्लंडमधील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अळ्यांनी जखम लवकर स्वच्छ होते, पण लवकर भरून येतेच असे नाही, आणि वेदनाही अधिक होतात, असे त्यांतून दिसले. शिवाय हा उपचार आपल्याकडे सहजी मिळत नाही. आमचे दुःख वेगळे आहे. पाय तिचा होता, वेदना तिची होती. पण तिला कोणी विचारलेच नाही. डॉक्टरांनी स्वतःची किळस रुग्णाची समजून तिच्या वतीने नकार देऊन टाकला. पाश्चात्त्य देशांत ज्यांनी हा उपचार घेतला, त्यांतील पुष्कळांनी गरज पडल्यास तो पुन्हा घेण्याची तयारी दाखविली आहे. दिवसरात्र दुर्गंधी आणि ठणका सोसणाऱ्याला किड्याची भीती ती काय!

किळस हे पाप नव्हे. वरोड्याच्या रस्त्यावर पावसात भिजत पडलेल्या, अंगात किडे वळवळणाऱ्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून बाबा आमटेही प्रथम पळाले होते. पण ते परत फिरले, आणि त्या परत फिरण्यातूनच पुढे आनंदवन उभे राहिले.

वाचकहो, आपल्या घरोघरी मधुमेह आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे पाय रोज पाहा, जखम झाली तर लपवू देऊ नका. त्या जखमेला देवाची शिक्षा म्हणू नका. आणि उपचार ठरविताना, खाटेवरच्या माणसाला आधी विचारा.